मॅक्रो लेन्स न घेता जवळून फोटो कसे काढावेत

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मॉर्मन फुलपाखराचं अंडं असतं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल. कुंडीत कढीपत्ता असेल तर पावसाळ्यात ते तुमच्याही गॅलरीत सापडेल. त्याचा फोटो काढायचा आहे असं कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं: "मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची खास लेन्स) घे, त्याशिवाय काही खरं नाही." मग माणूस किंमत बघतो आणि नाद सोडून देतो. हा सल्ला चुकीचा आहे. मी गेली अकरा वर्षं जुन्या ५० मिमी लेन्सवर असे फोटो काढते आहे, आणि बिघडलेल्या फोटोंपैकी फार थोडे लेन्समुळे बिघडले.

स्वस्त पर्याय चार. मोबाइलला लावायची चिमट्याची लेन्स पाना-फुलांसाठी ठीक आहे, पण किड्याच्या इतकं जवळ जावं लागतं की तो उडून जातो. +१, +२, +४, +१० अशा क्लोज-अप फिल्टरच्या स्वस्त संचातला +१० घेऊ नका. कडा धुरकट येतात आणि पांढऱ्या गोष्टीभोवती जांभळी किनार दिसते. एक्स्टेन्शन ट्यूब चांगली. तिच्यात काच नसते, ती लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारी पोकळ नळी असते. हिशोब सोपा आहे: ५० मिमी लेन्सला एकूण ५० मिमीच्या नळ्या लावल्या की सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच, म्हणजे १:१ पडते. चौथा पर्याय सगळ्यांत स्वस्त आणि माझा आवडता: लेन्स उलटी लावणे.

नेहमीच्या लेन्सची रचना समोरचं मोठं दृश्य मागच्या छोट्या सेन्सरवर मावावं अशी असते. तीच उलटी केली की छोटी गोष्ट मोठी होऊन सेन्सरवर येते. त्यासाठी काहीशे रुपयांची रिव्हर्स रिंग लागते: एका बाजूला तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, दुसऱ्या बाजूला लेन्सच्या पुढच्या फिल्टरचे आटे. आट्यांचं माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, ४९, ५२, ५८ असं. ते बघूनच रिंग मागवा.

लेन्स उलटी लावल्यावर तिचा स्वतःचा माउंट कुठेच बसत नाही. त्यामुळे ती कोणत्याही कंपनीची चालते. घरात कुणाचा फिल्म कॅमेरा पडून असेल तर त्याची ५० मिमी लेन्स बाहेर काढा. विकत घेणार असाल तर उजेडासमोर धरून आतून बघा. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशीची जाळी धरते. २८ मिमी उलटी लावली तर ५० पेक्षाही मोठं दिसतं, पण सुरुवात ५० नेच करा.

लेन्स बसवा. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं अशा मोडवर ठेवा. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर मेनूमध्ये "लेन्सशिवाय शटर" ही सोय चालू करा, नाहीतर बटण दाबलं जाईल आणि काहीच होणार नाही. लेन्सची मागची काच आता उघडी पडून पुढे आलेली असते. लेन्सच्या मागच्या झाकणाचा मधला भाग कापून ते पुन्हा बसवा, काचेला कडं मिळतं.

आता अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं प्रकाशाचं भोक. एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान. उलट्या लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा संबंध तुटलेला असतो, त्यामुळे ते लेन्सवरच ठरवावं लागतं. जुन्या लेन्सवर त्याची रिंग असते, ती ८ वर फिरवा, झालं. कॅननच्या नव्या लेन्सवर रिंग नसते. तिथे लेन्स आधी सरळ लावा, एव्ही मोडवर (ज्यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो) एफ ८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं, म्हणजे पाती ठरवलेल्या आकड्यावर आणणारं बटण दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढा. पाती तिथेच थांबतात. निकॉनच्या रिंग नसलेल्या लेन्समध्ये उलटं होतं, काढल्यावर पाती पूर्ण मिटतात. मागची छोटी दांडी कागदाची घडी खोचून अर्धवट उघडी ठेवावी लागते. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ १६ किंवा २२ वर जाण्याचा मोह होतो. जाऊ नका. १:१ ला एफ ८ हे प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं. त्यापुढे प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकातून जाताना तो पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो.

इथवर कुणीही पोचतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथेच माझा पहिला पावसाळा वाया गेला. शेकडो फोटो काढले, आणि प्रत्येकात मुंगीची मिशी स्पष्ट, डोळा धूसर. मी लेन्सला दोष देत राहिले.

एक पट्टी घ्या. ती टेबलावर तिरकी टेकवा आणि उलट्या लेन्समधून तिच्या मिलिमीटरच्या रेघांचा फोटो काढा. मोठा करून बघा. एकच रेघ धारदार असेल, तिच्या अलीकडची-पलीकडची विरघळलेली. एपीएस-सी सेन्सर (बऱ्याच कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा सेन्सर), १:१ आणि एफ ८ असताना स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ०.६ मिमी जाडीचा असतो. (हीच पट्टी आडवी धरून रेघा मोजा. चौकटीच्या रुंदीत २२ ते २४ मावल्या तर तुम्ही १:१ वर आहात.) हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं पटतं.

फोकसची रिंग फिरवू नका. उलट्या लेन्समध्ये अंतर जवळजवळ ठरलेलं असतं, काचेपासून काही सेंटिमीटर. हलायचं ते आपण. मी शरीर पुढे झुकवते, डोळा स्पष्ट होताना दिसला की बटण दाबते. स्पष्ट "होताना", "झाल्यावर" नाही. माझी मूळ चूक हीच होती. स्पष्ट दिसलं, मग मनाने हो म्हटलं, मग बोट हललं. तेवढ्यात मी अर्धा मिलिमीटर पुढे गेलेली असायची. एका झुकण्यात तीन-चार फोटो सलग घ्या. अर्धा श्वास सोडून थांबा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. पानाचं देठ डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा आणि लेन्स त्याच हाताच्या अंगठ्याच्या फुगीर भागावर टेकवा. आता हात कापला तरी पान आणि लेन्स एकत्र हलतात, मधलं अंतर बदलत नाही. वाऱ्याचाही प्रश्न बराचसा सुटतो. ही पकड जमायला मला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यानंतर धूसर फोटो निम्म्याहून कमी झाले. बाहेर किड्यांसाठी ट्रायपॉड नेऊ नका. तो मांडून होईपर्यंत किडा गेलेला असतो. अंडं असलेली कुंडी घरात आणून, पंखा बंद करून फोटो काढायचा असेल तर मात्र ट्रायपॉड हवाच.

तिसरं, किड्याच्या अंगाला समांतर व्हा. ०.६ मिमीचा पट्टा आडवा वापरला तर डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं त्यात बसतं. समोरून काढाल तर फक्त डोळे मिळतील, आणि तेव्हा डोळेच नेमके धरा.

प्रकाशाला फ्लॅश लागतोच. १/१६० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅशपुढे बटर पेपरचं छोटं छत, लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आलेलं. ते नसेल तर लेन्सचीच सावली किड्यावर पडते.

किड्याला फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, पंख चिकटवणं, अंड्याचं पान तोडून घरात आणणं, हे सल्ले सर्रास दिले जातात. ते करू नका. पान सुकलं तर आतला जीव मरतो. पहाटे जा; रात्रीच्या गारव्याने किडे आपसूक मंद असतात आणि अंगावर दव असतं.

अंडं सापडलं की रोज सकाळी एक फोटो काढा. तीन-चार दिवसांत ते गडद होऊ लागलं की कॅमेरा तयार ठेवा. बाहेर आलेली अळी बहुतेक वेळा आधी स्वतःचं कवच खाते, आणि तेवढा वेळ ती जागची हलत नाही.