निम्मे बॅक्टेरिया 'अनअसाइन्ड'? या चुका टाळा

रात्रभर रन चालतो, सकाळी बारप्लॉट उघडावा तर निम्मा पट्टा 'अनअसाइन्ड', म्हणजे कुठलंच नाव न मिळालेला. १६एस डेटा (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात त्या जीनचे सीक्वेन्स) घेऊन क्वाइम-टू या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर बसणाऱ्याला (खरा उच्चार 'चाइम', पण आमच्याकडे कुणी ऐकत नाही) हे कधी ना कधी दिसतंच. मग सिल्वा हा संदर्भ डेटाबेस काढून ग्रीनजीन्स हा दुसरा लावून बघायचा मोह होतो. थांबा. आधी रिप्रेझेंटेटिव्ह सीक्वेन्सची (प्रत्येक वेगळ्या सीक्वेन्सची एकेक प्रत असलेली) फाइल उघडा आणि पहिली दहा अक्षरं डोळ्यांनी वाचा.

५१५एफ-८०६आर या प्रायमरच्या (पीसीआरमध्ये जीनचा तुकडा वाढवणाऱ्या छोट्या डीएनएच्या) जोडीने वाढवलेला १६एसचा व्ही४ भाग असेल, तर प्रायमर काढल्यावर बहुतेक सीक्वेन्स 'टीएसीजी'ने सुरू होतात आणि लांबी २५३च्या आसपास भरते. 'जीटीजी', मग एखादं अक्षर, मग 'सीएजीसी' दिसलं, तर प्रायमर तसाच राहिलाय. कटअडाप्टपासून, म्हणजे प्रायमर कापण्याच्या पायरीपासून, पुन्हा सुरुवात. 'सीसीटीजीटीटीटीजी' दिसलं, तर सीक्वेन्स उलटा आहे. सगळेच उलटे असतील तर काळजी नको, नावं देणाऱ्या क्लासिफायरमध्ये दिशा 'ऑटो'वर असते. पण हा ऑटो पहिले १०० सीक्वेन्स बघून सगळ्या फाइलची दिशा ठरवून टाकतो. सरमिसळ असेल, तर उरलेल्यांचा बळी जातो. सरमिसळ डाडा-टूच्या (चुका गाळून वेगवेगळे सीक्वेन्स काढणाऱ्या पायरीच्या) आधीच, प्रायमर ओळखून निस्तरा. नंतर निस्तरलीत तर एकच सीक्वेन्स दोन आयडींखाली दोनदा दिसतो.

दुसरी चूक क्लासिफायर (डेटाबेसवर ट्रेन केलेलं, सीक्वेन्सला नाव देणारं मॉडेल) निवडताना होते. फाइलच्या नावातच '५१५-८०६' लिहिलेलं असतं, तरी लोक ती ३४१एफ-८०५आरच्या व्ही३-व्ही४ डेटाला लावतात. व्ही३चा तुकडा त्या क्लासिफायरने कधी पाहिलेलाच नसतो. फुल-लेंग्थवाला (पूर्ण १६एसवर ट्रेन केलेला) घ्या, नाहीतर स्वतः ट्रेन करा.

सायकिट-लर्नची (क्लासिफायर ज्यावर चालतो त्या पायथन लायब्ररीची) आवृत्ती जुळत नाही अशी एरर आली, की कॉन्डा एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने दुसरी आवृत्ती कोंबू नका. मी कोंबली होती; शेवटी सगळंच नव्याने टाकावं लागलं. तुमच्या क्वाइम-टू रिलीजसाठीचा क्लासिफायर उतरवून घ्या.

नुसतं 'किल्ड' म्हणून रन मेला, तर रॅम संपली. जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) १ करा, बॅच (एका वेळी घ्यायचे सीक्वेन्स) १०००वर आणा. जॉब वाढवले की मेमरी आणखी लागते.

क्लासिफायरचा कॉन्फिडन्स (नाव द्यायला लागणारी किमान खात्री) ०.७वरून खाली ओढून नावं वाढवता येतात, हे खरं. रिव्ह्यूअरला ती नावं कशी पटवणार, हेही आधी ठरवा.

पानांच्या नमुन्यात सायनोबॅक्टेरियांचा पूर आला, तर खालची पातळी बघा: 'क्लोरोप्लास्ट'. ते झाडाचंच आहे. मायटोकाँड्रिया तसेच रिकेट्सियालीसमध्ये लपतात. दोन्ही फिल्टर करा. तरीही अनअसाइन्ड उरले, तर त्यातले दोन-तीन ब्लास्ट या सीक्वेन्स-शोधात टाका. पुष्कळदा यजमानाचाच डीएनए निघतो.

आणि गाइड 'स्पीशीजपर्यंत जा' म्हणत असतील, तर त्यांना सिल्वातलं 'एश्चेरिशिया-शिगेला' हे जोडनाव दाखवा. व्ही४च्या २५३ अक्षरांत ही दोघं वेगळी होतच नाहीत.