हब मोटारीची बांधणी कशी पारखावी आणि तिचे नेहमीचे दोष कसे शोधावेत

विजेवर चालणाऱ्या सायकलची हब मोटार, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटार, अडखळू लागली, की ती उघडून पाहण्याची घाई होते. ही घाई टाळावी. आतले तांबे, लोखंड आणि चुंबक नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकतात. माझ्या मते खरी कच्ची जागा ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकाशी असते, जिथून केबल बाहेर पडते आणि जिथे ॲक्सल फोर्कच्या खाचेत बसतो. म्हणून मोटार विकत घेताना असो वा दुरुस्त करताना, पारख तिथूनच सुरू करावी आणि स्क्रू सर्वांत शेवटी सोडवावेत.

आधी मोटार कोणती ते ओळखावे

हब मोटारी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. बिनगिअरच्या मोटारीत तांब्याचे वेढे असलेला स्टेटर ॲक्सलवर घट्ट बसवलेला असतो आणि आतून चुंबक चिकटवलेले कवच थेट चाकासह फिरते. अशी मोटार मोठ्या व्यासाची आणि जड असते. गिअरच्या मोटारीत आतला रोटर (फिरणारा भाग) चाकाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरतो, प्लॅनेटरी गिअर (मधल्या दातेरी चाकाभोवती बसवलेली छोटी दातेरी चाके) तो वेग उतरवतात आणि एकाच दिशेने पकड घेणारा क्लच एरवी चाक मोकळे सोडतो. हा फरक पुढे पदोपदी लागणार आहे, कारण गिअरच्या मोटारीचे चाक पुढच्या दिशेने फिरवले तर आतली मोटार हलतच नाही. तिच्या सगळ्या चाचण्या चाक उलटे फिरवून कराव्या लागतात. एवढे लक्षात न घेतल्यामुळे चांगली मोटारही नादुरुस्त ठरवली जाते.

बांधणी पारखताना

पहिल्यांदा केबलच्या तोंडाकडे पाहावे. पोकळ ॲक्सलमधून बहुधा आठ वायरी बाहेर येतात: वेढ्यांना वीज पोचवणाऱ्या तीन जाड फेज वायरी आणि चुंबकांची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरी. ॲक्सलच्या भोकाची कड गोलसर घासलेली आहे का, केबलवर रबराचे किंवा स्प्रिंगचे आवरण आहे का आणि केबल नटाच्या खूप जवळून काटकोनात वळते का, हे बोट फिरवून तपासावे. धारदार कडेवर टेकलेली केबल प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी कापली जाते आणि सायकल एकदा त्या बाजूला पडली की उरलेले काम होऊन जाते.

मग चाकाची रिम धरून ती आडवी हलवावी. ॲक्सलशी जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग सैल किंवा हलके आहे. चाक उचलून फिरवावे आणि कान जवळ नेऊन ऐकावे. बिनगिअरच्या मोटारीत चुंबकांचा हलका, एकसारखा अडसर जाणवणे स्वाभाविक आहे. एका ठरावीक जागी येणारी खरखर किंवा घासल्याचा आवाज मात्र स्वाभाविक नाही.

लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा दर्जा बाहेरून दिसत नाही. चांगल्या स्टेटरमध्ये ०.३५ मिलिमीटर जाडीचे पत्रे असतात, स्वस्तात ०.५ मिलिमीटरचे, आणि जाड पत्र्यांत वेग वाढताना अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. हे ताडण्याचा एक मार्ग म्हणजे चाक अधांतरी ठेवून पूर्ण वेगाने फिरवणे आणि बॅटरीतून किती ॲम्पिअर ओढले जातात ते मोजणे. सारख्या व्होल्टेजच्या, सारख्या वेगाच्या आणि एकाच प्रकारच्या दोन मोटारींपैकी जी रिकामी फिरताना कमी करंट घेते, तिच्यात ऊर्जा कमी वाया जाते.

पहिली पायरी: ॲक्सल, नट आणि तारा

ॲक्सल बहुधा १२ किंवा १४ मिलिमीटरचा असतो आणि दोन्ही बाजूंनी सपाट तासून १० मिलिमीटर केलेला असतो. चाकाला ढकलणारा टॉर्क (फिरवणारा जोर) तितक्याच जोराने ॲक्सलला उलट फिरवू पाहतो आणि तो सगळा भार या सपाट भागाच्या कडांवर येतो. ४० न्यूटन-मीटर टॉर्क धरला, तर इतक्या लहान अंतरामुळे त्या कडांवर काही हजार न्यूटनचा जोर पडतो. खाच रुंदावली की ॲक्सल फिरतो, केबल पिळली जाते आणि मोटारीसह तिला बॅटरीची वीज पुरवणारा कंट्रोलरही जातो.

म्हणून खाचेच्या कडा चेपल्या आहेत का, ॲक्सलभोवती नवी चमकदार घासण दिसते का, हे पाहावे. टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी धातूची पट्टी, लावलेला नसेल तर लावावा. पुढच्या चाकात मोटार आणि ॲल्युमिनियमचा फोर्क असेल तर त्याशिवाय सायकल चालवूच नये, कारण ॲल्युमिनियम वाकण्याऐवजी एकाएकी तुटते आणि चाक निसटते. नट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतके आवळावेत. आकडा दिलेला नसल्यास १२ मिलिमीटरच्या ॲक्सलला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर योग्य ठरतात.

चाकाच्या तारा याच वेळी दोन-दोन धरून दाबून पाहाव्यात. मोटारीचे भोक तारेच्या मानाने मोठे असेल तर तारेचे डोके सैल बसते आणि वळणाशी तुटते. डोक्याखाली बारीक वॉशर घातल्याने हा दोष बराच आटोक्यात येतो.

दुसरी पायरी: फेज वायरी

बॅटरी काढून चाक हाताने फिरवावे. ते जड आणि झटके देत फिरत असेल, तर तीन फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवून त्यांची टोके एकमेकांना टेकणार नाहीत अशी ठेवावीत. आता चाक मोकळे झाले तर कंट्रोलरमधले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झाले आहेत. तसेच जड राहिले तर शॉर्ट मोटारीत किंवा केबलमध्ये आहे.

त्यानंतर टोके दोन-दोन करून जोडावीत आणि दर वेळी चाक फिरवावे. तिन्ही जोड्यांत सारखाच अडसर जाणवला पाहिजे. दोन जोड्यांत अडसर नाही आणि तिसरीत आहे असे दिसले, तर त्या दोन्ही जोड्यांत असलेली वायर तुटलेली आहे. इथे मल्टिमीटरचा ओहम मोजण्याचा उपयोग थोडा, कारण वेढ्यांचा रोध एका ओहमच्या बऱ्याच खाली असतो. मात्र प्रत्येक फेज वायर आणि ॲक्सल यांच्यात मल्टिमीटर लावून पाहावा; तिथे संपर्क मुळीच दिसता कामा नये.

तिसरी पायरी: हॉल सेन्सर

निघताना थरथरणारी, पायाने थोडी गती दिल्यावर मात्र चालणारी मोटार बहुधा हॉल सेन्सरकडे बोट दाखवते, आणि ही तपासणी सर्वांत सावकाश करावी. हॉलचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून, फेज वायरी सोडवलेल्या असताना, कंट्रोलर सुरू करावा. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या बारीक वायरीवर आणि लाल पिन लाल बारीक वायरीवर, कनेक्टरच्या मागून टेकवावी. सुमारे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग लाल पिन आळीपाळीने पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या वायरीवर ठेवून चाक अगदी हळू फिरवावे. आकडा जवळपास शून्य आणि जवळपास ५ यांच्यात उड्या मारत राहिला, तर तो सेन्सर ठीक आहे. बिनगिअरच्या मोटारीत चाकाच्या एका फेऱ्यात अशा वीसहून अधिक उड्या होऊ शकतात, त्यामुळे चाक घाईने फिरवले तर मल्टिमीटर मधलाच एखादा आकडा दाखवतो आणि तपासणी फसते.

लाल वायरीवर ५ व्होल्ट मिळालेच नाहीत, तर कनेक्टर सोडवून कंट्रोलरच्या बाजूला पुन्हा मोजावे. तिथे व्होल्टेज परत आले तर शॉर्ट मोटारीकडे आहे.

कंट्रोलर जळाला म्हणून नवा जोडण्याआधी एक चाचणी कधीही टाळू नये. सर्व कनेक्टर सोडवून प्रत्येक फेज वायर आणि प्रत्येक बारीक वायर यांच्यात संपर्क आहे का ते पाहावे. ॲक्सलच्या तोंडाशी आवरण कापले गेले, की बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज ५ व्होल्टच्या मार्गात शिरते आणि नवा कंट्रोलरही पहिल्याच क्षणी जातो.

चौथी पायरी: आवाज आणि उष्णता

मोटार घरघरते पण चाकाला ओढत नाही, हे गिअरचे दात झिजल्याचे किंवा क्लच घसरत असल्याचे लक्षण आहे. नायलॉनचे गिअर बदलता येतात. बदलताना प्लास्टिकला चालणारे ग्रीस थोडेसेच लावावे. वेगानुसार बदलणारी गुरगुर बहुधा बेअरिंगची असते, आणि पाणी शिरल्यावर आधी बेअरिंगच गंजतात.

करंट दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट होते, आणि ती कवचापर्यंत जायला मधल्या हवेच्या फटीखेरीज फारशी वाट नसते. त्यामुळे कवच नुसते कोमट लागत असतानाही आतले वेढे पोळलेले असू शकतात. तीव्र चढावर मोटारीचा वेग मंदावला की पायडलने साथ द्यावी. साध्या दर्जाचे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर आपली शक्ती कायमची गमावू लागतात.

मोटार उघडावीच लागली तर

झाकण आणि कवचावर एकच रेघ मारून ठेवावी आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत. बिनगिअरच्या मोटारीत चुंबक स्टेटरला जोराने खेचतात, म्हणून बोटे कडेच्या फटीत कधीही घालू नयेत, आणि मेजावर लोखंडाचा कीस असता कामा नये. हॉल सेन्सर बदलताना तिन्ही बदलावेत, त्याच प्रकारचे घ्यावेत आणि कोणती बाजू चुंबकाकडे होती याचे छायाचित्र आधीच काढावे; एक सेन्सर उलटा बसला तर मोटार पहिल्यासारखीच अडखळते. जोडणी झाल्यावर झाकण बंद करण्याआधी तिसऱ्या पायरीतली उड्यांची चाचणी पुन्हा घ्यावी. केबल फोर्कला बांधताना ती ॲक्सलपासून आधी खाली उतरेल आणि मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी ॲक्सलच्या भोकात न जाता खालीच गळून पडते.