सुरतची गाडी खान्देशात आणताना: एनओसी, कर आणि नव्या नंबराचा खर्च

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव. ताप्ती लाइनवरच्या कुठल्याही स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या फटफट्या पाहिल्या, तर एमएच-३९, एमएच-१८, एमएच-१९ च्या मधे जीजे-०५ ची पाटी हमखास दिसते. सुरतेच्या उधना-लिंबायतला दहा-पंधरा वर्षं काढून माणूस गावी परततो तेव्हा फ्रिज, कपाट, भांडीकुंडी आणि मोटारसायकल असं सगळंच बरोबर येतं. भांड्यांना कागद लागत नाहीत. गाडीला लागतात, आणि त्यातले निम्मे फक्त सुरतेतच मिळतात. म्हणून आधी कागद, मग गाडी. हा क्रम उलटा झाला की एका सहीसाठी नवापूरमार्गे दोन-तीन खेपा ठरलेल्या.

नंबर बदलायचा की नाही

आखाजीला किंवा दिवाळीला पंधरा दिवस गाडी आणायची असेल, तर काहीच करायचं नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन पुरे; डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रतही चालते.

गाडी इथेच राहणार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ लागू होतं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २७ भरायचा असतो. इथे बऱ्याच जणांची एक गल्लत होते. बारा महिने आहेत ते नंबरासाठी. महाराष्ट्राचा कर मात्र गाडी इथे वापरायला ठेवली यावरच बसतो, त्यामुळे ‘वर्षभर निवांत’ असं धरून चालू नका. तपासणीत ‘गाडी गेल्याच महिन्यात आणली’ असं सांगायचं तर पुरावा लागतो. मोटारसायकलला टोल नाही, म्हणजे टोलची पावतीही नाही. रेल्वे पार्सलची पावती जपून ठेवा, तीच कामाला येते.

सरकारी नोकरी किंवा चार राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतली नोकरी असेल आणि गाडी नवी घ्यायची असेल, तर २०२१ पासून मिळणारी बीएच, म्हणजे ‘भारत’ नंबरांची मालिका पाहा. कर दोन-दोन वर्षांनी भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच. साच्यावर (यंत्रमागावर) किंवा मार्केटात काम करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

खर्च किती

फी केंद्राच्या नियमांतली आहे, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे सारखी. मोटारसायकलला नवा नंबर द्यायची फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर नावावर करायची फी नोंदणीच्या निम्मी, म्हणजे १५०. कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर ५०० वेगळे. सुरक्षा नंबरपाटीचा, म्हणजे एचएसआरपीचा, महाराष्ट्रात जुन्या दुचाकीसाठी ठरलेला दर ४५० अधिक जीएसटी, एकूण ५३१ रुपये. नंबर बदलला की जीजेची पाटी निरुपयोगी, ती कितीही नवी असली तरी.

म्हणजे स्वतःच्याच नावावरची, बोजा नसलेली गाडी असेल तर ठोक खर्च ३०० + २०० + ५३१ = १,०३१ रुपये. मोठा आकडा करात आहे.

महाराष्ट्रात दुचाकीला एकरकमी कर लागतो: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यावर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, त्यापुढे १२ टक्के. १२५ सीसीची गाडी ७०,००० ला घेतलेली असेल तर नव्या गाडीचा कर ७,७०० रुपये होतो. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यातला काही हिस्साच भरावा लागतो. गाडी जितकी जुनी तितका तो कमी. हिशेबाचं मूळ खरेदीचं बिल. ते पिवळं पडलेलं बिल फेकून दिलं असेल तर किंमत आरटीओ कार्यालय ठरवतं, आणि ती आपल्या सोयीची असेलच असं नाही. शोरूमकडून बिलाची दुसरी प्रत मिळत असेल तर सुरत सोडण्याआधीच काढून घ्या.

विमाही यात धरा. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६. वर १८ टक्के जीएसटी. १२५ सीसीला साधारण ८४३ पडतात. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड.

एजंट ‘सगळं मिळून’ एकच आकडा सांगतो. त्याला तोडून विचारा: फी किती, कर किती, पाटी किती, तुमची मजुरी किती. पहिल्या दोन आकड्यांची ऑनलाइन पावती निघते, तीवर गाडीचा नंबर असतो. पावती न देणारा एजंट कितीही ओळखीचा असला तरी कामाचा नाही.

सुरतेत करायची कामं

सगळ्यात आधी वाहन पोर्टलवर आपला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. गाडी घेताना दिलेलं सिम केव्हाच बंद पडलेलं असतं आणि ओटीपी त्याच नंबरावर जातो. इथे अर्जच अडतो. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी ठेवून नंबर बदलून घ्या.

दुसरी अडचण नावाची. गुजरातच्या कागदांवर पुष्कळदा नावामागे ‘भाई’ लागलेलं असतं. आरसीवर संजयभाई, गावच्या आधारवर संजय. माणसाला यात काही वाटत नाही, पण कॉम्प्युटरला ही दोन माणसं. नाव आधार आणि आरसीवर अक्षरशः जुळलं पाहिजे. आरसीतली दुरुस्ती सुरतेतच होते, इथलं कार्यालय गुजरातच्या नोंदीला हात लावत नाही. जुन्या आरसी बुकाची गाडी ऑनलाइन दिसतच नसेल, तर ती नोंद चढवण्याचं कामही तिथलंच.

तिसरं कर्ज. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असं नाही. फायनान्सवाल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा काढावा लागतो. तो तसाच राहिला तर एनओसीसाठी, म्हणजे सुरतच्या आरटीओच्या ना-हरकत दाखल्यासाठी, पुन्हा फायनान्सवाल्याच्या संमतीमागे फिरणं आलं.

मग ई-चलानं. उधना दरवाज्याच्या सिग्नलवरचं तीन वर्षांपूर्वीचं चलानही एनओसी अडवतं. सगळी भरून टाका आणि पावत्यांचे फोटो ठेवा.

आता फॉर्म २८, म्हणजेच एनओसीचा अर्ज. त्यात कुठल्या कार्यालयासाठी एनओसी हवी ते लिहावं लागतं. धुळ्याला एमएच-१८, जळगावला एमएच-१९, नंदुरबारला एमएच-३९, चाळीसगावला एमएच-५२. आपला तालुका ज्या कार्यालयाखाली येतो तेच लिहा. शिरपूरच्या माणसाने सवयीने जळगाव लिहिलं की पुढचा घोळ त्याचा त्यालाच निस्तरावा लागतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कलम ४८ प्रमाणे ३० दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी मिळाली असं धरलं जातं, पण पोच नसेल तर ३० दिवस मोजायचे कुठून?

चेसिसचा ठसा

फॉर्मवर चेसिस नंबराचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. काम दोन मिनिटांचं, पण सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते यामुळेच. बहुतेक मोटारसायकलींवर हा नंबर हँडलखालच्या उभ्या नळीवर, उजव्या बाजूला कोरलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की दिसतो. त्यावर वायरी, धूळ आणि तेलाचा थर असतो. चिंधीला थोडं डिझेल लावून पुसा, मग कोरड्या फडक्याने. गंज असेल तर जुन्या टूथब्रशने घासा; पॉलिश पेपर लावू नका. अक्षरं झिजली तर खाडाखोडीचा संशय येतो आणि प्रकरण भलतीकडे जातं.

पातळ कागदाची पट्टी नंबरावर ठेवून दोन्ही टोकं सेलोटेपने घट्ट बसवा. पेन्सिल टोकाने नाही, आडवी धरून एकाच दिशेने हलकी फिरवा. टोकदार शिसं दाबलं की कागद फाटतो. ठसा १७ अक्षर-आकड्यांचा आला पाहिजे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं वाटलं तर ते एक किंवा शून्य आहे. अर्ज भरताना याच जागी चूक होते. एकदाच बसून चार-पाच ठसे काढून ठेवा, पुढे इथेही लागतील.

गाडी हलवताना आणि इथे आल्यावर

रेल्वेने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करून घेतात. आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्या, आरसे काढून ठेवा, टाकीवर पोतं बांधा. चालवत आणायची तर सुरत-व्यारा-नवापूर हा सरळ रस्ता आहे, पण सगळे कागद अंगावर ठेवा, मागच्या टेम्पोत नव्हे.

इथल्या कार्यालयात फॉर्म २७, एनओसी, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, खरेदीचं बिल, पत्त्याचा पुरावा आणि ठसा. भाड्याने राहत असाल तर नोंदवलेला भाडेकरार बरा. आधी कर भरायचा, मग गाडी तपासणीला न्यायची. सायलेन्सर बदललेला, इंडिकेटर तुटलेले, पाटीवर फॅन्सी अक्षरं, अशी गाडी नेली तर परत पाठवतात. तपासणीनंतर नंबर पडतो, मग पाटीची ऑर्डर.

नंबर पडला म्हणजे काम संपलं असं समजून बहुतेक जण पुढची दोन कामं सोडतात. एक, विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीवर शेरा घेणं. पॉलिसीवर जीजे आणि गाडीवर एमएच राहिलं तर अपघाताच्या दाव्यात खुलासे करत बसावं लागतं. दुसरं, गुजरातमध्ये भरलेल्या एकरकमी करातला उरलेला भाग परत मागणं. त्यासाठी नव्या आरसीची प्रत लावून सुरतच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर जरूर करा. दहा वर्षांच्या गाडीसाठी रेल्वेचं तिकीट काढून जाण्यात अर्थ नाही.

पंधरा वर्षांची गाडी असेल तर

इथे थांबून हिशेब करा. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण, आणि तो मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत भरता येतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलची ही फी १,००० रुपये आहे. २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये ती २,००० झाली. उशिराला दर महिन्यामागे ३०० जादा. महाराष्ट्रात वर दुचाकीला ५ वर्षांचा पर्यावरण कर २,०००. तपासणी, कार्ड, पाटी, विमा धरला की पाच हजारांच्या आसपास जातं, आणि गाडी विकायला काढली तर आठ-दहा हजारांना कोणी घेतो की नाही अशी गत. शेताच्या वाटेवर तिचा जीव असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ती सुरतेतच विकून इथे जवळपासची एमएच नंबराची जुनी गाडी घेतलेली परवडते. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळं होऊ नका, नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर चलान तुमच्या नावावर येतं.

गाडी वारलेल्या वडलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ लागतो आणि तो मृत्यूपासून ३ महिन्यांत भरायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची संमती. हेही एनओसीच्या आधी, सुरतेतच.

जंगलाची पावती वेगळी

नव्या नंबराची गाडी घेऊन पहिल्या पावसात पाटणादेवी किंवा पालकडे निघणाऱ्यांसाठी एवढंच: आरसी आणि कर हा रस्त्याचा परवाना, जंगलाचा नाही. पाटणादेवी गौताळा औट्रम घाट अभयारण्यात आहे, पालकडचं जंगल यावल अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि ती वनखात्याच्या फाटकावर पैसे भरून पावतीच्या रूपात मिळते. माणशी आणि गाडीमागे आकारणी वेगळी असते, तेव्हा पावतीवर गाडीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच वाचून घ्या. पाटी जीजेची आणि आरसी एमएचची अशा मधल्या दिवसांत फाटकावर गाडी अडवून घेऊ नका, पाटी बसेपर्यंत थांबा. आणि पावती खिशात ठेवा, परत येताना फाटकावर मागतात.