वयाची तपासणी कुठे अडवते, कुठे निसटते आणि मुलाच्या फोनवर काय लावायचं

"तुमचं वय १८ पूर्ण आहे का?" आणि खाली दोन बटणं: हो, नाही. अश्लील साइट्सवर वर्षानुवर्षं तपासणी म्हणून एवढंच असायचं, आणि भारतातून उघडणाऱ्या बऱ्याच साइट्सवर आजही एवढंच आहे. चौथीतलं मूलही बिनदिक्कत "हो" दाबतं. म्हणून मुलांच्या वाट्याला पॉर्न येऊ नये यासाठी वयाची तपासणी कितपत उपयोगी, हे ठरवताना ही बटणं बाजूला ठेवायची आणि खरी तपासणी जिथे लागू झाली तिथे काय झालं ते बघायचं. त्यातूनच घरी काय करायचं ते कळतं.

ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट २०२३ साली झाला. पॉर्न असलेल्या साइट्सनी बघणाऱ्याचं वय पक्कं करायचं, ही अट २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. देखरेख ऑफकॉम या नियामकाची. चूक झाली तर दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यातली मोठी रक्कम. नुसती जन्मतारीख टाइप करून घेणं तिथे चालत नाही. चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, ओळखपत्र आणि सेल्फीची जुळणी, क्रेडिट कार्ड, बँकेकडून वयाची खात्री, मोबाइल कंपनीच्या नोंदी, अशा काही पद्धतींपैकी एक वापरावी लागते.

प्रत्येक पद्धतीला आपलं भोक आहे. चेहऱ्यावरून अंदाज लावणाऱ्या यंत्रणेला १७ आणि १९ यांतला फरक नेमका कळत नाही, म्हणून अनेकदा मर्यादा १८ वर न ठेवता बरीच वर, अगदी २५ च्या आसपास ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये अशा यंत्रणांची चाचणी घेतली, तेव्हा बायकांच्या चेहऱ्यांवर चुका जवळजवळ नेहमीच जास्त निघाल्या. क्रेडिट कार्ड ब्रिटनमध्ये १८ वर्षांखाली मिळत नाही, म्हणून तिथे ते चालतं. आपल्याकडे कार्डाचा नंबर ब्राउझरमध्ये साठवलेला असतो आणि ओटीपी येतो तो मुलाच्याच हातात असलेल्या फोनवर. ओळखपत्राचा प्रश्न वेगळा आहे: ते कुठेतरी साठतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने सांगितलं की ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. ते फोटो वयाबद्दलच्या तक्रारींसाठीच मागवले होते. म्हणून मुलाचं आधार कार्ड किंवा शाळेचं ओळखपत्र कुठल्याही साइटवर वयाच्या पुराव्यासाठी चढवू नका.

नियम लागू झाल्याच्या पहिल्याच दिवसांत ब्रिटनमध्ये व्हीपीएन अ‍ॅप्स डाउनलोडच्या यादीत वर चढली. व्हीपीएन चालू केलं की साइटला वाटतं माणूस दुसऱ्या देशातून आलाय, आणि तपासणीचं पान येतच नाही. यावरून "तपासणी फुकटच" असं म्हणणं चूक आहे. आठ-दहा वर्षांचं मूल पॉर्न शोधत नसतं, ते जाहिरातीतून, चुकीच्या लिंकवरून, मोठ्या भावंडाच्या फोनवरून त्यावर आदळतं. तिथे दारावरची खरी तपासणी चांगलं काम करते. ठरवून शोधणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला ती थोडा उशीर करते, थांबवत नाही. आणि दोघांनाही जे टेलिग्रामच्या चॅनेलवरून किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येतं, त्याच्या वाटेत हे दार लागतच नाही.

भारतात पॉर्न साइट्ससाठी असं दारच नाही. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट्स बंद करायला सांगितलं गेलं, पण ती सरसकट बंदी होती, वयाशी तिचा संबंध नव्हता, आणि मोठ्या साइट्स लगेच नव्या पत्त्यांवर उघडल्या. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवर १३+ पासून पुढच्या वर्गांना पालकांचं लॉक आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठीच्या) वर्गाला वयाची विश्वासार्ह तपासणी लागते, पण ते ओटीटीपुरतं. मुलाचं वय माहीत असलेली जागा म्हणजे त्याचा फोन आणि त्याचं खातं. तपासणी तिथेच लावायची.

आधी बघा, फोन कोणाच्या खात्यावर चाललाय

घरोघरी हेच दिसतं: बाबांनी नवा फोन घेतला, जुना मुलाला दिला, आत जीमेल बाबांचंच. गूगलच्या लेखी तो फोन ४२ वर्षांच्या माणसाचा आहे. प्ले स्टोअर १८+ ची अ‍ॅप्स देतं, यूट्यूब वय विचारत नाही, सर्चचा सेफ फिल्टर कोणीही काढू शकतं. यावर वरवर कुलूप लावत बसू नका, फोन रिकामा करूनच सुरुवात करा.

१. फोटो आणि नंबर काढून घ्या. जुन्या जीमेलचा पासवर्ड हाताशी ठेवा, रीसेटनंतर फोन तो मागू शकतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा.

२. फोन पुन्हा सुरू करताना मुलासाठी नवं खातं उघडा. जन्मतारीख खरी टाका. मूल १३ वर्षांखालचं असेल तर गूगल तुमचं खातं पालक म्हणून जोडायला सांगेल.

३. तुमच्या फोनवर फॅमिली लिंक हे अ‍ॅप घ्या. त्यात गूगल प्लेसाठी "सगळ्या डाउनलोडला पालकांची परवानगी" निवडा. व्हीपीएन आणि दुसरे ब्राउझर इथेच अडतात.

४. क्रोमसाठी "ट्राय टू ब्लॉक एक्स्प्लिसिट साइट्स" चालू करा. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलाला "ओन्ली अलाउ अप्रूव्ह्ड साइट्स" जास्त बरं: शाळेची साइट आणि आणखी पाच-सहा पुरतात.

इथे हमखास एक गोष्ट राहून जाते. फॅमिली लिंकचा वेब फिल्टर क्रोमपुरताच चालतो. फोन कंपनीने आधीपासून टाकलेला ब्राउझर तसाच राहिला तर मुलाला तो दोन दिवसांत सापडतो. फॅमिली लिंकमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन तो ब्लॉक करा.

जन्मतारखेचा मुद्दा नीट समजून घ्या. २०१५ साली जन्मलेल्या मुलाने इन्स्टाग्राम मिळावं म्हणून २०१० टाकलं, तर २०२८ मध्ये सगळ्या कंपन्या त्याला १८ चा धरतील. तेव्हा तो खरा १३ वर्षांचा असेल. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटवर १६ खालच्या मुलांना बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) प्रौढांसाठीचा मजकूर अधिकृतपणे चालतो आणि प्रोफाइलवर १८ खालची जन्मतारीख असलेल्यांपासून तो झाकला जातो. खोटं वय टाकलं की ही दोन्ही संरक्षणं मुलाने आपल्याच हाताने काढून टाकली असं होतं. बऱ्याचदा ही तारीख मूल नव्हे, खातं उघडून देणारी मोठी माणसं टाकतात.

आयफोनवर फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं खातं तयार करा. सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स, तिथून वेब कंटेंट, आणि "लिमिट अ‍ॅडल्ट वेबसाइट्स". याने सफारीचं खासगी ब्राउझिंगही बंद होतं. स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा. घरातल्या कोणाची जन्मतारीख ठेवू नका, मुलं पहिल्यांदा तीच टाकून बघतात.

मग डीएनएस

फोन कुठलीही साइट उघडण्याआधी तिचा आकडी पत्ता विचारतो. हा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. अश्लील साइट्सचे पत्ते देतच नाही असं फुकट डीएनएस वापरलं की ब्राउझर कोणताही असो, साइट सहसा उघडत नाही.

अँड्रॉइड ९ किंवा पुढच्या फोनवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, प्रायव्हेट डीएनएस, आणि तिथे प्रोव्हायडर होस्टनेम निवडून इंग्रजीत लिहा: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम. मध्ये जागा सोडू नका. एक अक्षर चुकलं तर नेट पूर्ण बंद पडतं, आणि मग वैतागून ही सेटिंग काढली जाते. याचा मोठा फायदा म्हणजे हे वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर चालतं. फक्त राउटरवर फिल्टर लावला तर मूल वायफाय बंद करतं आणि सिमवर जातं.

राउटरवरही लावा, टीव्ही आणि पाहुण्यांच्या फोनसाठी. राउटरमागच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. लॉगिन करून डीएचसीपीच्या (घरातल्या फोनना पत्ते वाटणाऱ्या सेटिंगच्या) पानावर डीएनएस म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका (टाइप करताना इंग्रजी आकडे). आपल्याकडे अनेक कनेक्शन आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर चालतात. तिथलं डीएनएस तसंच राहिलं तर फोन त्या वाटेने सगळं उघडतो आणि फिल्टर लावूनही चालत का नाही ते कळत नाही. आयपीव्ही६ साठी २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३. काही कंपन्यांच्या राउटरवर हे रकाने कुलूपबंद असतात. तसं असेल तर प्रत्येक फोनवर प्रायव्हेट डीएनएस हाच मार्ग. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्डही बदला, कारण मूळचा त्याच स्टिकरवर छापलेला असतो.

लहान मुलांसाठी क्लीनब्राउझिंग या दुसऱ्या डीएनएसचा फॅमिली फिल्टर जास्त कडक आहे: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो गूगल, बिंग आणि यूट्यूब सेफ मोडवर ठेवतो, व्हीपीएन आणि प्रॉक्सीचे पत्तेही अडवतो. रेडिट पूर्ण बंद होतं, म्हणून मोठ्या मुलांच्या घरी यावरून कुरबुर होते.

लागलं का हे बघायला खरी अश्लील साइट उघडू नका. क्लाउडफ्लेअरने (वरचं पहिलं डीएनएस याच कंपनीचं) यासाठीच एक चाचणी पान ठेवलंय: न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम. ते उघडलं नाही तर फिल्टर चालू आहे. आधी वायफायवर, मग मोबाइल डेटावर, मग दुसऱ्या ब्राउझरमधून, असं तीनदा बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर प्रायव्हेट डीएनएस कोणीही "ऑफ" करू शकतं, म्हणून अधूनमधून नजर टाका. मुलानेच काढलं असेल असंही नाही, रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान याने उघडत नाही, तेव्हाही ते काढलं जातं.

संगणकावर मुलाचं खातं अ‍ॅडमिन नको, साधं ठेवा. क्रोममध्ये "यूज सिक्युअर डीएनएस" आणि फायरफॉक्समध्ये "डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस" तपासा. तिथे दुसरी कंपनी निवडलेली असेल तर राउटरचा फिल्टर बाजूलाच राहतो.

अ‍ॅपच्या आत काय येतं

डीएनएस अख्खी साइट अडवतं, तिच्यातली एक पोस्ट नाही. एक्स, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांच्या आत त्याला काही दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसी, ग्रुप्स, "माय कॉन्टॅक्ट्स" निवडा, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. मीडिया ऑटो-डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींसाठी पूर्ण काढा. हे केलं नाही तर ग्रुपवर कोणी काहीही टाकलं की ते आपोआप गॅलरीत येऊन बसतं, आणि मूल क्रिकेटचा फोटो शोधताना ते बघतं. आजी-आजोबांच्या फोनवरही हे करा. दुपारी मुलं खेळतात ती त्यांच्याच फोनवर. टेलिग्राम १३-१४ पर्यंत नकोच, त्यातले चॅनेल गाळायचा पुरेसा उपाय पालकांच्या हातात नाही.

टीव्हीवर ओटीटीच्या मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा आणि टीव्हीतला ब्राउझर काढून टाका.

तपासणीच्या नावाने होणारी फसवणूक

"वय तपासण्यासाठी" कार्डाचा नंबर मागणारी बनावट पानं असतात. त्याहून वाईट म्हणजे पडदाभर उघडणारं पान: वर सरकारी बोधचिन्ह, खाली "अश्लील मजकूर पाहिल्यामुळे तुमचा ब्राउझर लॉक केला आहे, इतका दंड भरा". घाबरलेलं मूल आईच्या पर्समधलं कार्ड काढून नंबर टाकतं. सरकार असा दंड घेत नाही. ब्राउझर बंद करायचा, गरज पडली तर फोन रीस्टार्ट करायचा, झालं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

मुलाशी काय बोलायचं

लहान मुलाला एवढंच पुरतं: "उघड्या माणसांचे फोटो किंवा व्हिडिओ अचानक दिसले ना, तर फोन पालथा ठेव आणि मला येऊन सांग. मी ओरडणार नाही." आणि सांगायला आलं की खरंच ओरडू नका. फोन हिसकावला तर पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही, आणि कुठल्या वाटेने आलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कुठे दिसलं, कोणी पाठवलं, एवढं शांतपणे विचारा आणि ती वाट बंद करा.

तेरा-चौदाच्या पुढे फोन चोरून तपासण्यापेक्षा कुठला फिल्टर लावलाय हे सांगून लावा. त्या वयात मुलाला हे ऐकायची गरज असते: "त्यात दाखवतात ते कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. समोरच्याची संमती, दुखणं, नाही म्हणणं, यातलं काही त्यात दिसत नाही." हे बोलताना अवघडल्यासारखं होतंच, तरी बोला. आईने बोलावं की बाबांनी हे मूल कोणाशी मोकळं आहे त्यावर ठरवा.

मुलाचाच फोटो किंवा व्हिडिओ कोणी मागितला असेल, पसरवला असेल किंवा त्यावरून धमकावत असेल, तर फिल्टरचा विषय संपला. पैसे देऊ नका. पाठवणाऱ्याचा नंबर, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तो मजकूर पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू नका: १८ खालच्या मुलांचा असा मजकूर पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ चोवीस तास चालू असते.