स्केट्स चेक-इनमध्ये टाकू नका!

परदेशात स्पीड स्केटिंगच्या रेसला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगतेय, बूट कायम केबिन बॅगेतच ठेवा. मी पहिल्या वेळी बडोद्याहून मुंबई आणि तिथून जर्मनीतल्या गायझिंगेनला गेले, सगळं सामान मोठ्या बॅगेत, आणि मधल्या विमानतळावर बॅग राहिली ना मागे! हातात काय, तर आईने दांडिया बाजारातून आणलेला लिलो चिवडा 😅

चाकं, बेअरिंग, फ्रेम (बुटाखालची चाकं बसवायची पट्टी) कोणीही उसनं देतं हो, पण हीट देऊन आपल्या पायावर बसवलेला बूट कोण देणार? फक्त आपल्या बुटाच्या माउंटिंगचं माप, म्हणजे तळाला फ्रेम जिथे बोल्टने बसते त्या दोन भोकांमधलं अंतर, पाठ ठेवा, बहुतेक स्पीड बुटांना १९५ मिमी असतं पण जुन्या किंवा मुलांच्या बुटांना १६५ पण असतं, आणि माप चुकलं तर उसनी फ्रेम बसतच नाही. हेल्मेट सॅकला बाहेरून लटकवा, एक सेट चाकं बुटातच कोंबा, मोज्यात गुंडाळून.

एलन की (चाकं-फ्रेम आवळायची षटकोनी चावी) मात्र चेक-इनमध्येच, सिक्युरिटीवाले केबिनमधून अवजारं काढून घेतात आणि तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

आणि गायझिंगेनचा २०० मीटरचा बँक्ड (वळणांवर उतार असलेला) ट्रॅक कोटिंगवाला आहे, आपल्या सिमेंटच्या रिंकवर घासलेली चाकं तिथे चालवू नका. पहिल्याच वळणावर माझा पाय असा सटकला की कोपर आठवडाभर सुजलेलं.