लिनक्स कर्नलमधल्या हार्डवेअर वॉचडॉग ड्रायव्हरचा रिव्ह्यू कसा करावा

वॉचडॉग म्हणजे ठरलेल्या मुदतीत सॉफ्टवेअरकडून खूण (पिंग) आली नाही तर यंत्र रीसेट करणारा हार्डवेअर टायमर. त्याचा ड्रायव्हर दिसायला लहान असतो. काही शे ओळी, चार-पाच फंक्शनं आणि एक प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं सुरुवातीचं फंक्शन), त्यामुळे तो अनेकदा वरवर वाचून मंजूर होतो. पण त्यातली चूक दोन प्रकारे अंगाशी येते. यंत्र अडकून पडलं तरी रीसेट होत नाही, किंवा धडधाकट चाललेलं यंत्र मध्येच रीसेट होतं. पहिला प्रकार जास्त घातक, कारण साध्या चाचणीत तो दिसतच नाही. चाचणी करताना यंत्र अडकलेलं नसतं ना!

म्हणून पॅच वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवा: हार्डवेअर या क्षणी खरोखर काय करतंय आणि वॉचडॉग कोअरला (सगळ्या वॉचडॉग ड्रायव्हरांचा सामायिक कर्नल कोड) काय वाटतंय, हे जुळतं का? खाली दिलेल्या बहुतेक चुका हे जुळत नसल्याच्याच आहेत.

कोडच्या आधी डेटाशीट

पॅच उघडण्याआधी डेटाशीटमधून एवढं काढून घ्या: काउंटर किती बिटांचा, त्याला क्लॉक कुठून आणि किती वेगाने मिळतो, एकदा सुरू झाल्यावर तो थांबवता येतो का, चालू असताना मुदत बदलता येते का, आणि मुदत संपल्यावर थेट रीसेट होतो की आधी इंटरप्ट येतो. याची उत्तरं चिपगणिक बदलतात. एनएक्सपीच्या आयएमएक्स मालिकेतला वॉचडॉग एकदा सुरू केला की रीसेटशिवाय थांबत नाही आणि त्याची कमाल मुदत १२८ सेकंद आहे. रास्पबेरी पायचा २० बिटांचा काउंटर जेमतेम १६ सेकंद पुरतो. आर्मचा एसपी८०५ तीच मुदत दोनदा मोजतो: पहिल्यांदा संपली की इंटरप्ट, दुसऱ्यांदा संपली की रीसेट. म्हणून त्याच्या ड्रायव्हरमध्ये काउंटरला निम्मी मुदत भरावी लागते. हे माहीत नसेल तर कोडमधला ‘भागिले २’ चूक वाटेल, आणि तो नसला तर काही खटकणारही नाही.

डेटाशीट खुली नसेल तर लेखकाकडून ही उत्तरं पॅचच्या वर्णनात मागून घ्या.

थांबवता येत नसेल तर स्टॉप लिहायचाच नाही

‘वॉचडॉग_ऑप्स’ या ड्रायव्हरच्या फंक्शनांच्या यादीत स्टार्ट सक्तीचा आहे. पिंग नसेल तर कोअर त्याच्या जागी स्टार्टच बोलावतो. स्टॉप वगळता येतो, पण मग ‘मॅक्स_एचडब्ल्यू_हार्टबीट_एमएस’ (पिंगशिवाय हार्डवेअर जास्तीत जास्त किती मिलिसेकंद थांबतं) भरलेला असायला हवा, नाहीतर नोंदणीच नाकारली जाते. ही अट टाळायला काही जण नुसता शून्य परत करणारा रिकामा स्टॉप लिहितात. असा स्टॉप दिसला तर पॅच तिथेच थांबवा. शून्य मिळाल्यावर कोअर समजतो की वॉचडॉग बंद झाला. तो ‘डब्ल्यूडॉग_एचडब्ल्यू_रनिंग’ (हार्डवेअर चालू असल्याची खूण) हा बिट काढून टाकतो आणि पिंग करणं सोडून देतो. हार्डवेअर मात्र मोजतच राहतं. डीमन (वॉचडॉगला पिंग करत राहणारा वापरकर्त्याचा प्रोग्राम) नीट, नियमाने बंद केला तरी थोड्याच वेळात यंत्र रीसेट होतं. स्टॉप दिलाच नसेल तर कोअर तो बिट स्वतः लावतो आणि वापरकर्ता गेल्यावरही पिंग चालू ठेवतो. थांबणं कधी शक्य, कधी अशक्य असेल, तर अशक्य असताना स्टॉपने तो बिट पुन्हा लावायला हवा.

बूटलोडरने आधीच सुरू केलेला वॉचडॉग

इथे सर्वात जास्त वेळ द्या. बूटलोडरने १० सेकंदांची मुदत लावून वॉचडॉग सुरू केला आहे असं धरा. ड्रायव्हर प्रोबमध्ये कंट्रोल रजिस्टर वाचतो, वॉचडॉग चालू दिसतो, ‘डब्ल्यूडॉग_एचडब्ल्यू_रनिंग’ लावतो आणि नोंदणी करतो. त्याची स्वतःची डीफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे. वाचताना सगळं बरोबर वाटतं. नोंदणी होताच कोअर पहिला पिंग लगेच करतो. पुढचा मात्र मुदतीच्या निम्म्यावर, म्हणजे ३० सेकंदांनी, कारण त्याला मुदत ६० सांगितली आहे. हार्डवेअर १० सेकंदांनी रीसेट करून टाकतं.

‘वापरकर्त्याने डिव्हाइस उघडलं की स्टार्ट होईल आणि मुदत लागेल’ हा बचावही टिकत नाही. तो बिट लावलेला असेल आणि ड्रायव्हरला पिंग असेल, तर डिव्हाइस उघडल्यावर कोअर स्टार्ट बोलावत नाही, नुसता पिंग करतो. म्हणजे स्टार्टमध्ये लिहिलेली मुदत हार्डवेअरपर्यंत पोहोचतच नाही.

उपाय दोन. हार्डवेअरमधली मुदत वाचून ‘टाइमआउट’मध्ये भरायची, किंवा नोंदणीच्या आधी प्रोबमध्येच आपली मुदत हार्डवेअरला लिहायची. दुसरा उपाय सहसा चांगला, कारण डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमधून, आलेली मुदतही त्यामुळे लागू होते. आणि टाइमआउट शून्य राहिला तर बिट लावूनही कोअरचा पिंग करणारा वर्कर चालत नाही, तेही तपासा.

मुदतीचा हिशोब कागदावर करा

मुदत गुणिले क्लॉकचा वेग ही ओळ अनेक ड्रायव्हरमध्ये असते, आणि ती ३२ बिटांत केली तर फसते. २४ मेगाहर्ट्झचा क्लॉक घ्या. १८० सेकंदांसाठी टिक्स होतात ४३२ कोटी. ३२ बिटांत मावतात साधारण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार. उरतात २ कोटी ५० लाख ३२ हजार ७०४ टिक्स, म्हणजे जेमतेम १.०४ सेकंद. वापरकर्त्याने तीन मिनिटं मागितली आणि यंत्र सेकंदाभरात गेलं.

या क्लॉकवर ३२ बिटांच्या काउंटरची कमाल मर्यादा १,७८,९५६ मिलिसेकंद येते. ती काढतानाही ‘कमाल मूल्य गुणिले १०००’ ६४ बिटांत करावं लागतं, आणि भागाकार ‘डिव्ह_यू६४’ने, नाहीतर ३२ बिटांच्या प्लॅटफॉर्मवर लिंकिंग अडतं. क्लॉकचा वेग शून्य आला तर काय, हे पण बघा. शून्याने भागणारा प्रोब नको.

हार्डवेअरची मर्यादा तोकडी असेल तर ती ‘मॅक्स_टाइमआउट’मध्ये नाही, ‘मॅक्स_एचडब्ल्यू_हार्टबीट_एमएस’मध्ये सांगायला लावा. मग १६ सेकंदांच्या काउंटरवरही ६० सेकंदांची मुदत चालते, मधले पिंग कोअर करतो. अशा ड्रायव्हरच्या सेट_टाइमआउटमध्ये हार्डवेअरला दोन्हींतली लहान संख्या लिहायची, पण मागितलेली मुदत मर्यादेपेक्षा मोठी असेल तर ‘टाइमआउट’मध्ये मागितलेलीच ठेवायची. बरेच जण तिथेही लहान संख्या ठेवतात आणि सगळी सोय वाया जाते. उलट मुदत हार्डवेअरच्या आवाक्यातली असेल पण अचूक बसत नसेल, तर प्रत्यक्षात बसलेली मुदत नोंदवायची.

‘वॉचडॉग_इनिट_टाइमआउट’ आधी मॉड्यूल पॅरामीटर बघतो, मग डिव्हाइस ट्रीमधली ‘टाइमआउट-सेक’, आणि दोन्ही नसतील तर आधी भरलेली डीफॉल्ट तशीच ठेवतो. पॅरामीटरचं सुरुवातीचं मूल्य ६० ठेवलं असेल तर डिव्हाइस ट्रीकडे कधीच बघितलं जाणार नाही. ते शून्य हवं, आणि ६० थेट स्ट्रक्चरमध्ये. किमान-कमाल मर्यादाही या फंक्शनच्या आधी भरलेल्या असाव्यात, तपासणी त्यांच्यावरच होते.

इंटरप्ट हँडलर

दोन टप्प्यांच्या वॉचडॉगमध्ये प्रीटाइमआउटचा (रीसेटआधीच्या इशारा-इंटरप्टचा) हँडलर असतो. हँडलरने इंटरप्ट साफ करायचा, ही सवय सगळ्यांच्या हाताला असते. एसपी८०५मध्ये इंटरप्ट साफ केला की काउंटर नव्याने भरतो. म्हणजे हँडलर दरवेळी वॉचडॉगला पिंग करतोय. वापरकर्त्याचा डीमन मेला तरी इंटरप्ट येत राहतात, साफ होत राहतात आणि रीसेट कधीच होत नाही. अशा हार्डवेअरवर हँडलरने ‘वॉचडॉग_नोटिफाय_प्रीटाइमआउट’ बोलवावा आणि इंटरप्ट साफ न करता त्याची लाइन बंद करावी, म्हणजे दुसरा टप्पा आपलं काम करेल. ड्रायव्हरने स्वतःचा टायमर लावून पिंग करणं हाही त्याच जातीचा दोष. कोअरकडे ही सोय असताना तसा टायमर मान्य करू नका.

इंटरप्ट ऐच्छिक असेल तर तो नसलेल्या बोर्डवर ‘डब्ल्यूडीआयओएफ_प्रीटाइमआउट’ जाहीर व्हायला नको. त्यासाठी माहितीची दोन स्ट्रक्चर्स ठेवलेली असली तर चालतं.

एक फ्लॅग, मोठा परिणाम

‘डब्ल्यूडीआयओएफ_मॅजिकक्लोज’ राहून गेला आणि नोवेआउट (एकदा सुरू झाल्यावर वॉचडॉग थांबवू न देणारी सेटिंग) लावलेला नसला, तर फाइल कशीही बंद झाली तरी कोअर वॉचडॉग थांबवतो. डीमन क्रॅश झाला तरी फाइल बंद होतेच. म्हणजे ज्या क्षणी वॉचडॉग हवा त्याच क्षणी तो गुपचूप बंद होतो. फ्लॅग असेल तर बंद करण्याआधी व्ही हे अक्षर लिहिल्याशिवाय तो थांबत नाही. नोवेआउटसाठी ‘वॉचडॉग_सेट_नोवेआउट’ बोलावलाय का, तेही याच वेळी बघा.

रीसेट वॉचडॉगमुळे झाला होता का हे हार्डवेअर सांगत असेल, तर ‘बूटस्टेटस’मध्ये ‘डब्ल्यूडीआयओएफ_कार्डरीसेट’ भरायला सांगा, आणि तोच फ्लॅग माहितीच्या ऑप्शन्समध्येही असल्याची खात्री करा.

क्रम आणि आयुष्य

नोंदणी झाली त्या क्षणापासून वापरकर्ता डिव्हाइस उघडू शकतो, म्हणून नोंदणी प्रोबमधलं शेवटचं काम असावं. ड्रायव्हरचा खाजगी डेटा, नोवेआउट, रीस्टार्टचा अग्रक्रम हे सगळं त्याच्या आधी.

‘डेव्हएम’ (डिव्हाइस जाताना कर्नलने आपोआप करायची आवराआवर) आणि हाताने केलेली आवराआवर यांची सरमिसळ धोक्याची. रिमूव्ह फंक्शन आधी चालतं, डेव्हएमची आवराआवर नंतर. नोंदणी डेव्हएमने आणि क्लॉक बंद करणं रिमूव्हमध्ये, असं असेल तर डिव्हाइस जिवंत असतानाच क्लॉक जातो. मग एखाद्या चिपवर रजिस्टर वाचताच बस अडकते. क्लॉकही ‘डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड’ने घ्यायला सांगा.

स्टार्ट, स्टॉप, पिंग या कॉलबॅकभोवती कोअर स्वतःचा म्युटेक्स (लॉक) धरतो. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये वेगळा स्पिनलॉक दिसला तर बहुधा तो जुन्या ड्रायव्हरवरून उचललेला असतो. रीस्टार्ट कॉलबॅक मात्र अॅटॉमिक संदर्भात (जिथे थांबता किंवा झोपता येत नाही) चालतो: तिथे म्युटेक्स नको, झोप नको, क्लॉक प्रिपेअर करणं नको. रजिस्टर लिहून झाल्यावर थोडा ‘एमडिले’ असावा, म्हणजे रीसेट लागायच्या आत कोड पुढे पळत नाही. रीस्टार्टचा अग्रक्रम साधारण १२८. बोर्डवर रीसेटची दुसरी, जास्त खात्रीची सोय असेल तर त्याहून कमी. २५५ मागितला असेल तर कारण विचारा.

सस्पेंडमध्ये काउंटर चालू राहतो का? राहत असेल तर सस्पेंडला थांबवणं आणि रेझ्यूमला फक्त वॉचडॉग सक्रिय असेल तरच पुन्हा सुरू करणं, दोन्ही हवं.

चाचणीचा पुरावा मागा

चेकपॅच आणि स्पार्स ही कोड तपासणारी साधनं, बाइंडिंगची (डिव्हाइस ट्रीतल्या नोंदींच्या नियमांची) वायएएमएल तपासणी, केकॉन्फिगमध्ये ‘वॉचडॉग_कोअर’ सिलेक्ट केलेलं असणं, बाइंडिंगचा पॅच ड्रायव्हरच्या आधी असणं, हे यंत्रवत तपासून मोकळे व्हा. खरा वेळ प्रत्यक्ष रीसेटच्या चाचणीला द्या.

लेखकाला पुढच्या गोष्टी बोर्डवर करून परिणाम कळवायला सांगा. डीमनला किल -९ द्या: लॉगमध्ये वॉचडॉग थांबला नसल्याची ओळ यावी आणि मुदत संपल्यावर रीसेट व्हावा. घड्याळ लावून तो वेळ मोजा, निम्मा किंवा दुप्पट आला तर दोन टप्प्यांचा हिशोब चुकला आहे. व्ही लिहून बंद करा आणि दोन मुदतींइतका वेळ थांबा: रीसेट होता कामा नये. किमान, कमाल आणि कमालपेक्षा एकने जास्त मुदत मागून बघा. डीमन न चालवता, बूटलोडरने वॉचडॉग सुरू केलेल्या अवस्थेत यंत्र दहा मिनिटं तसंच ठेवा; त्यासाठी कर्नलमध्ये बूटपासून चालू वॉचडॉग सांभाळण्याचा पर्याय सुरू हवा आणि ‘ओपन_टाइमआउट’ (डिव्हाइस उघडलं जाण्याची वाट किती वेळ बघायची) शून्य हवा. शेवटी पॅनिकनंतर आपोआप रीबूट आणि केडंप (क्रॅशनंतर मेमरीची नोंद घेणारी सोय) दोन्ही बंद करून, डिव्हाइस उघडं असताना सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) कर्नल मुद्दाम पाडा. यंत्र परत वर आलं की डब्ल्यूडीसीटीएल (वॉचडॉगची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवून कार्डरीसेटचा फ्लॅग लागलाय का ते बघा, आणि मग एकदा वीज बंद-चालू करून तो गेलाय का तेही बघा.