घरी बटाटा लावताय? मग मातीची भर द्यायची तयारी ठेवा

बटाटा लावायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नवीन बटाटे बेण्याच्या, म्हणजे लावलेल्या बटाट्याच्या, खाली लागत नाहीत, वरच्या बाजूला लागतात. बेण्यातून जो कोंब वर येतो त्याच्या मातीतल्या भागाला आडव्या पांढऱ्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटा धरतो. दिसायला ती मुळंच वाटतात पण खरं तर खोडाचाच भाग आहे. हे कळलं की बेणं किती खोल, माती कधी चढवायची, कुंडी केवढी घ्यायची हे सगळं आपोआप सुटत जातं.

आधी वेळ. बटाटा थंडीचा. माती 15 ते 20 अंशांच्या आसपास असली की बटाटे छान धरतात, 30 च्या पुढे गेली की धरायचं जवळजवळ थांबतंच, मग वर पाला मस्त हिरवागार आणि खाली उकरलं तर काहीच नाही. लोक म्हणतात खत कमी पडलं, पण बऱ्याचदा कारण उष्णताच असते, त्यातही रात्री गार होत नसतील तर जास्तच. म्हणून लागवड अशी धरा की दुसरा महिना गारव्यात पडेल. जिथे उन्हाळा कडक तिथे थंडीच्या सुरुवातीला लावा आणि जिथे पाणी गोठतं तिथे ती थंडी सरल्यावर, कारण कोवळा पाला गोठला की काळा पडतो.

बेणं शक्यतो रोगमुक्त, प्रमाणित घ्या. खायला आणलेला बटाटा लावून चालतो का, तर उगवला तर उगवतो, पण त्याला कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असू शकतं आणि विषाणू असेल तर वरून कळत नाही, तेव्हा एकदा गंमत म्हणून ठीक पण दरवर्षी तेच करू नका. बेणं लावायच्या दोन-चार आठवडे आधी उजेडात पण थेट ऊन लागणार नाही असं पसरून ठेवा. कोंब जाड, आखूड, एक-दोन सेंटिमीटरचे हवेत. अंधारात ठेवलं तर लांब पांढरे दोरे येतात आणि लावताना तुटतात. मोठा बटाटा कापायचा तर फोड 40-50 ग्रॅमची आणि तिला दोन-तीन डोळे हवेतच, आणि कापल्या कापल्या लावू नका, सावलीत दोन-तीन दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू द्या नाहीतर ओल्या मातीत सडते.

माती भुसभुशीत, पाणी न साचणारी. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट चालेल, ताजं शेण नको. आणि ती राख टाकायची सवय, बटाट्याच्या वाफ्यात जरा आवरा, राखेने आणि चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि सालीवर खरबरीत खवले येतात. खाता येतात ते बटाटे, पण दिसायला नको वाटतात. बेणं 8-10 सेंटिमीटर खोल, दोन बेण्यांत 25-30 सेंटिमीटर आणि दोन ओळींत साधारण 60, कारण भर द्यायला मधली मातीच लागणार आहे.

आता भर. झाड वीतभर झालं की दोन्ही बाजूंनी माती ओढून अर्धं खोड झाका, मग दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. हे चुकवू नका, बटाटा उघडा पडून उजेड लागला की हिरवा होतो आणि सोबत त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, ते शिजवूनही जात नाही. माती कमी असेल तर वाळलेलं गवत किंवा पाचोळा जाड थराने टाका. मात्र उंच पिंप घेऊन माती चढवत गेलं की मजल्यामागून मजले बटाटे लागतात असं जे सांगतात त्यावर फार भरवसा नको, बऱ्याच जाती खालच्या भागातच धरतात. 35-40 लिटरची ग्रो बॅग (झाडं लावायची पिशवी), खाली भोकं, दोन-तीन बेणी, बास. सुरुवातीला अर्ध्याच्या आत माती भरा आणि मग चढवत जा.

पाणी एकसारखं द्या. कोरडं पाडून एकदम भरपूर दिलं की बटाटे तडकतात नाहीतर आतून पोकळ होतात. बटाटे धरायच्या सुमाराला तर ओल टिकवाच. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घाला, पाल्यावर नको, कारण गार हवा आणि भिजलेली पानं म्हणजे करपा या रोगाला आमंत्रण. तोच करपा ज्याने 1845 नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला. पानावर पाणी लागल्यासारखे काळपट डाग आणि पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसली तर ती झाडं उपटून बागेबाहेर काढा, कंपोस्टात टाकू नका. टोमॅटोला पण हाच रोग होतो, तेव्हा शेजारी टोमॅटो नको आणि त्याच जागी बटाटा दोन-तीन वर्षं परत नको.

पाला पिवळा पडून लोळला की पाणी बंद करा. पाला कापून दहा-पंधरा दिवस थांबा आणि एक बटाटा काढून अंगठ्याने घासून बघा, साल निघाली तर अजून थांबा. लगेच खायचे असतील तर आधीच काढा, कोवळे फार गोड लागतात. साठवायचे बटाटे धुवू नका, अंधारात हवेशीर ठेवा, आणि फ्रिजमध्ये नकोच, 4 अंशांच्या खाली त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना काळे पडतात. आणि झाडाला टोमॅटोसारखी हिरवी फळं आली तर मुलांना आधीच सांगून ठेवा, ती विषारी असतात.